समोर बुटका गडी असेल तर उंच बॉक्सरनं काय करावं?

डावा_जॅब

आमच्या हॉलवर संध्याकाळी येणाऱ्या पोरांत एक सहा फूट एक इंचाचा गडी आहे. कागलकडचा, आधी तालमीत होता. 70 किलोच्या गटात खेळतो, म्हणजे समोर येणारी पोरं बहुतेक साडेपाच फुटांच्या आसपासची, खांद्यानं रुंद, मांडीनं जाड. लढत सुरू व्हायच्या आधी बाकावर बसलेले सगळे म्हणतात, "याला काय, लांबनं मारंल." पहिली फेरी तशीच जाते. दुसऱ्या फेरीत समोरचा जॅबखालून (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाखालून) आत शिरतो, बरगड्यांवर दोन ठेवून देतो आणि आमचा गडी कंबरेत वाकून त्याच्यावर ओणवा व्हायला लागतो. तिथून पुढं त्याची उंची असून नसल्यासारखी.

आपल्या भागातली बरीच उंच पोरं अशीच हरताना बघतोय, म्हणून सविस्तर लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

उंचीमुळं मिळतं काय, तर समोरच्याला ठोसा पोचवायला एक पाऊल जास्त टाकावं लागतं. एवढंच. पण ते पाऊल टाकताना त्याचा एक पाय जमिनीवरून सुटलेला असतो, आणि तेवढ्या वेळात त्याला धड मारता येत नाही, धड बगल देता येत नाही. आपला ठोसा त्या वेळी जायला हवा. त्यासाठी नजर त्याच्या छातीवर ठेवायची. छातीकडं बघितलं की खांदेही दिसतात आणि पुढचा पायही. पाय सुटला की जॅब. तो आत येऊन पोचल्यावर टाकलेला जॅब उशिराचा, त्याच्या डोक्यावरून निघून जातो.

आता जॅबबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं. आपल्याएवढ्या उंच माणसाला जॅब मारताना खांदा वर येतो आणि हनुवटी आपोआप झाकली जाते. बुटक्या माणसाला मारताना हात खाली उतरतो, खांदा वर येत नाही, हनुवटीची डावी बाजू उघडी पडते. हुशार बुटका गडी नेमकी त्याचीच वाट बघत असतो. तुमचा जॅब निघाला की त्याचा उजवा हात वरून वळसा घालून येतो. यावर उपाय गुडघ्यात आहे. कंबर ताठ ठेवून गुडघ्यातून चार बोटं खाली बसायचं, म्हणजे आपला खांदा त्याच्या कपाळाच्या रेषेत येतो आणि जॅब पुन्हा सरळ जातो. हात ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं गालाशी परत. परत येताना तो कमरेपर्यंत लोंबला की वरून येणाऱ्या उजव्याला रस्ता मोकळा.

डोकं हलवत येणाऱ्याच्या डोक्यामागं धावू नये. छाती तेवढी हलत नाही. गळ्याखालच्या हाडावर सरळ जॅब बसला तर जज्जांच्या डोळ्यांत भरेल न भरेल, पण त्याचं पुढं पडणारं पाऊल थांबतं, आणि थांबलेल्या माणसाला उजवा सरळ हात सापडतो.

मागं सरण्याचंही तसंच. सरळ मागं दोन पावलं चालतील, तिसरं बाजूला गेलं पाहिजे. कुठल्या बाजूला? त्याचा जो हात जड, त्याच्यापासून लांब. डावा हुक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) जड असेल तर आपल्या डावीकडं, उजवा जड असेल तर आपल्या उजवीकडं. दोरांना पाठ लागली की लांब हातांना मागं जायला जागाच उरत नाही.

अपरकटवर (खालून वर हनुवटीकडं मारायच्या ठोशावर) मुद्दाम शेवटी येतोय. खाली वाकून येणाऱ्याला अपरकट बसतो हे खरं, पण लांबून टाकलेला अपरकट म्हणजे आपण होऊन गार्ड (तोंडासमोर धरलेले हात) खाली घेणं. तो जवळ असताना, कोपर वाकलेलं ठेवून, जॅबच्या पाठोपाठ. एरवी टाकूच नये.

गंगावेसकर

लई बरं वाटलं वाचून. आमी कुस्तीवाली माणसं, बॉक्सिंगातलं फार कळत न्हाई, पर बुटका गडी उंचाच्या आत कसा शिरतो ते आमाला नवं न्हाई. पटाला, म्हंजी पाय धरायला, यायच्या आदी तो हात वर करून तुमचं डोळं वर न्हेतो, आन् गुडघा वाकला की आलाच म्हणून समजा. खासबागंत, कोल्हापूरच्या कुस्तीच्या मैदानात, माणसं ह्याच गोष्टीवर श्वास धरून बसत्यात. आमचं वस्ताद सांगायचं, हाताकडं बघू नगो, गुडघ्याकडं बघ.

एक इचारायचं हुतं. तालमीत खडाखडी, म्हंजी उभ्यानं हाताची झटापट, केलेल्या पोराचा रिंगमदी फायदा हुतो का तोटा?

डावा_जॅब

वस्ताद, दोन्ही होतं, आणि तोटा आधी दिसतो.

तालमीतनं आलेल्या पोराचा पवित्रा कंबरेत वाकलेला, वजन पुढच्या पायावर, हात पुढं आणि खाली. त्या पवित्र्यात सहा फूट एक इंचाचा गडी पाच फूट आठचा होऊन जातो. जवळ आलेल्या माणसाची मान धरायची ही सवय तर हाडात मुरलेली असते. हातमोजे घातलेले असतात, बोटं वळत नाहीत, तरी डावा हात बरोबर मानेच्या मागं जाऊन बसतो आणि कोपर खाली ओढतं. रेफरी लगेच थांबवतो. धरणं, मान खाली दाबणं, अंगावर रेलणं, डावा हात ताठ करून समोरच्याच्या तोंडावर धरून ठेवणं, हे सगळं हौशी बॉक्सिंगमध्ये फाउल आहे. आधी ताकीद मिळते, मग वॉर्निंग, आणि वॉर्निंगला गुण जातो. तीन फेऱ्यांच्या लढतीत गेलेला एक गुण भरून काढणं फार अवघड.

फायदा मात्र मोठा आहे. खडाखडीत समोरच्याचा हात आतून घ्यायला शिकवतात ना, तेच इथं उपयोगी पडतं. तो पोटाशी आला की आपले दोन्ही हात त्याच्या दंडांच्या आतल्या बाजूला घालायचे, धरायचं काहीच नाही, फक्त त्याच्या हातांना मागं जायला जागा द्यायची नाही. मग पुढच्या पायावर गिरकी घेऊन कोनात बाहेर पडायचं आणि बाहेर पडता पडता एक उजवा. तालमीतल्या पोराला हे आठवड्यात जमतं, शहरातल्या पोराला महिने लागतात. जोर-बैठकांनी मान आणि पाय तयार असतात ते वेगळंच. खांदे मात्र आवळलेले असतात, ते मोकळे करायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर जॅब ढकलल्यासारखा जातो.

पाचफूटपाच

मी पलीकडच्या बाजूचा. पाच फूट पाच इंच, कायम माझ्यापेक्षा उंच पोरांशीच लढलोय, तेव्हा आम्हाला काय आवडत नाही ते सांगतो.

एकेरी जॅब आम्हाला चालतो. तो चुकवायचा आणि आत जायचं, हेच तर रोज घोटलेलं असतं. त्रास होतो दुहेरी जॅबचा. पहिला चुकवून मी आत यायला निघतो आणि दुसरा कपाळावर बसतो, कारण तोपर्यंत माझं वजन पुढं गेलेलं असतं आणि मला थांबता येत नाही. त्याहून जास्त त्रास देतो तो हूल देणारा गडी. नुसता खांदा हलवला, पाय आपटला, की मी खाली वाकतो. दोनतीनदा उगीच वाकायला लावलं की मांड्या भरून येतात आणि चौथ्यांदा खरा जॅब आला की मी वाकायला उशीर करतो. उंच पोरं हूल देतच नाहीत. त्यांना वाटतं लांब हात आहे, हूल कशाला.

आणि दादा, पोटावर जॅब मारणारा उंच गडी आम्हाला फार क्वचित भेटतो. भेटला की आमचे हात खाली येतात आणि मग डोकं उघडं पडतं. पण तो मारताना त्यानं तुम्ही म्हणता तसं गुडघ्यात बसलं पाहिजे. कंबरेतून वाकून पोटावर मारायला आला तर त्याचं डोकं थेट माझ्या हुकच्या उंचीवर येतं, मला काही करावंच लागत नाही.

डावा_जॅब

भावा, हे सगळ्या उंच पोरांना वाचून दाखवणार आहे.

जुन्या_लढती

जुन्या लढतींमधून हेच मुद्दे ठळक दिसतात, थोडं लिहितो.

टोकियो, 11 फेब्रुवारी 1990. माईक टायसन पाच फूट दहा इंच, बस्टर डग्लस सहा फुटांच्या बराच वर. हातांचा पल्ला डग्लसचा 83 इंच, टायसनचा 71. नुसत्या पल्ल्यानं टायसन हरला असता तर आधीच कितीतरी उंच लोकांनी त्याला हरवलं असतं. डग्लसनं काय केलं ते बघा: जॅब एकटा सोडला नाही, पाठोपाठ उजवा दिला, आणि टायसन आत आला की त्याला मारायला जागा न देता अडकवून ठेवलं. आठव्या फेरीच्या शेवटी टायसनचा उजवा अपरकट बसला आणि डग्लस खाली गेला. तो उठला, आणि दहाव्या फेरीत त्याच्याच अपरकटनं टायसनचं डोकं वर उचललं गेलं, मग पाठोपाठच्या ठोशांनी काम संपवलं. डावा_जॅब यांनी अपरकट जवळून टाकायला का सांगितलंय ते त्या एका फेरीत कळतं.

उलट उदाहरण अली आणि फ्रेझर, 8 मार्च 1971. अली उजवा अपरकट टाकताना तो हात खाली सोडतो हे फ्रेझरच्या कॉर्नरमधल्या (शिकवणाऱ्या गटातल्या) एडी फच यांनी हेरलं होतं, आणि त्या वेळी डावा हुक टाकायचा हे फ्रेझरनं घोटून ठेवलं होतं. पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हुकनं अली खाली गेला आणि लढतही फ्रेझरनं गुणांवर जिंकली.

पण तुमच्या कागलच्या गड्याला बघायला सांगायचा असेल तर थॉमस हर्न्स. तोही सहा फूट एक इंच, तोही सडपातळ. जून 1984 मध्ये त्यानं रॉबर्टो डुरानला दुसऱ्याच फेरीत झोपवलं, लांब अंतरावरून आलेल्या उजव्या हातानं. पुढच्या एप्रिलमध्ये मार्विन हॅगलरसमोर तोच हर्न्स पहिल्या फेरीत जागेवर उभा राहून ठोशाला ठोसा द्यायला गेला. उजवा हात दुखावला, पाय जड झाले, तिसऱ्या फेरीत लढत संपली. डुरानही बुटका होता, हॅगलरही त्याच्यापेक्षा बुटका. हॅगलरनं पहिल्या घंटेपासून त्याला अंतर मिळूच दिलं नाही, आणि हर्न्सही ते घ्यायला थांबला नाही.

रेलण्याबद्दलही एक. लेनॉक्स लुईसनं 2002 मध्ये मेम्फिसला टायसनला आठव्या फेरीत नॉकआउट केलं, जॅब आणि उजव्याच्या जोरावर. त्या लढतीतही चौथ्या फेरीत ढकलल्याबद्दल लुईसचा एक गुण कापला गेला होता. व्यावसायिक लढतीत बऱ्यापैकी चालून जातं, तिथं ही गत, मग आपल्या तीन फेऱ्यांत काय होईल बघा.

रिंगसाईड_ताई

वाचनखूण साठवली. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे, ती कुणी लिहिली नाही.

उंच मुलींना शाळेपासून पोक काढून चालायची सवय लागते. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचं, फोटोत मागं उभं राहायचं, मैत्रिणींच्या घोळक्यात खांदे आत घेऊन मान पुढं काढायची. ती मुलगी रिंगमध्ये येते तेव्हा तसंच उभी राहते: मान पुढं, हनुवटी वर, छाती आत. समोरच्या बुटक्या मुलीला हनुवटी आयतीच मिळते. अशा मुलीला मी सुरुवातीचे कितीतरी दिवस ठोसा शिकवतच नाही. भिंतीला पाठ लावून उभं राहणं, आरशासमोर चालणं, हनुवटी गळ्याशी घेऊन सरळ बघणं. आपल्या उंचीची लाज गेल्याशिवाय तिचा जॅब लांब जात नाही, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. आयांनाही सांगते, घरी "वाकून चाल, किती ताडमाड दिसतेस" असं कृपा करून म्हणू नका.

लढती दाखवायच्या तर लव्हलिना बोर्गोहाईंच्या टोकियो ऑलिंपिकमधल्या दोन, एकामागून एक. उपांत्यपूर्व फेरीत तिनं तैवानच्या निएन-चिन चेनला, जिच्याकडून ती आधी हरली होती, 4-1 नं हरवलं आणि पदक पक्कं केलं. उपांत्य फेरीत तुर्कस्तानच्या सुर्मेनेलीनं तिला 5-0 नं हरवलं, कारण सुर्मेनेली सतत आत होती, लव्हलिनाला तिचं अंतर सापडू दिलं नाही. एकच खेळाडू, त्याच स्पर्धेत, अंतर असताना आणि नसताना. आणि बुटक्या बाजूनं बघायचं असेल तर लंडन 2012 ची मेरी कोमची उपांत्य लढत. मेरीचं मूळ वजन 48 किलोचं, ऑलिंपिकमध्ये सगळ्यात खालचा गट 51 चा, त्यामुळं समोरच्या मुली अंगानं मोठ्या. निकोला ॲडम्सनं अंतर राखून ती लढत 11-6 अशी घेतली.

राधानगरी_एक्सप्रेस

माझा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा, सहा फूट, वजन 68. त्याला 65 च्या गटात खेळवलं तर समोर अजून बुटकी पोरं येतील, जास्त फायदा होईल, असं एका जाणत्या माणसानं सांगितलंय. घाम काढून तीन किलो सहज जातात म्हणे. काय करावं?

डावा_जॅब

करू नका. हे अगदी कळकळीनं सांगतोय.

उंच माणसाची सगळी भिस्त पायांवर. आत येणाऱ्याला पायांनी चुकवायचं, गुडघ्यात बसायचं, गिरकी घ्यायची. पाणी तोडून वजन उतरवलं की आधी पाय जातात. पहिल्या फेरीत कळत नाही, तिसऱ्या फेरीत पोरगं जागेवर उभं राहतं, आणि जागेवर उभ्या असलेल्या उंच पोराच्या बरगड्या बुटक्याला आयत्या सापडतात. व्यावसायिक बॉक्सरांचं वजन आदल्या दिवशी होतं, त्यांना भरून काढायला वेळ मिळतो. हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी काटा असतो, आणि जिंकत गेलात तर प्रत्येक लढतीच्या दिवशी पुन्हा. आठवडाभर पोरगं तहानलेलं राहणार. अशा अंगानं डोक्यावर मार घेणं तर धोक्याचंच.

वर्ल्ड बॉक्सिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2025 पासूनच्या यादीत पुरुषांचे गट 50 पासून 90 पर्यंत पाच-पाच किलोंनी आहेत. 68 किलोचा पोरगा 70 मध्ये पोटभर जेवून, पाणी पिऊन खेळू शकतो. सतरा वर्षांचा आहे म्हणता, म्हणजे अजून वाढतोय. त्याला दूध, अंडी, मटण, भाकरी, डाळ जे घरात असेल ते पोटभर द्या. बाहेरून घाम काढायचा सूट किंवा गोळ्या कुणी सुचवल्या तर त्या माणसाकडं पुन्हा जाऊ नका. उंच सडपातळ पोराला एकदा ताकद आली की त्याच्यासारखा अवघड गडी नाही, पण ती यायला वेळ लागतो आणि तो वेळ घरच्यांनी द्यावा लागतो.

राधानगरी_एक्सप्रेस

समजलं दादा. आईला वाचून दाखवलं, तिला फार बरं वाटलं.

गंगावेसकर

वजन तोडणं तालमीतबी लई वाढलंय आता. पैलवानाच्या पोटावर मारून कुस्ती हुत न्हाई, हे आमी बोंबलून सांगतो.

पाचफूटपाच

डावखुऱ्या बुटक्याबद्दल कुणी लिहा की. मी डावखुरा नाही, पण आमच्यातले जे आहेत ते उंच पोरांना सगळ्यात जास्त रडवतात.

डावा_जॅब

बरोबर, राहिलंच होतं.

डावखुऱ्याचा उजवा हात आणि उजवा पाय पुढं असतो. तो समोर असला की दोघांचेही पुढचे पाय एकमेकांसमोर येतात आणि जॅबला जॅब धडकतो. लांब जॅबची निम्मी किंमत तिथंच जाते. आपला डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूला राहिला पाहिजे. तसा राहिला की आपला उजवा सरळ हात त्याच्या दोन हातांच्या मधून जातो आणि त्याचा जड डावा हात लांब पडतो. म्हणून डावखुऱ्यासमोर आपल्या डावीकडं सरकत राहायचं आणि जॅबपेक्षा उजव्या सरळ हातावर जास्त भर द्यायचा, छातीवर आणि पोटावरसुद्धा.

2024 मध्ये उसिक आणि फ्युरी दोनदा लढले. फ्युरी सहा फूट नऊ, उसिक सहा फूट तीन आणि डावखुरा. पहिल्या लढतीत मधल्या फेऱ्यांत फ्युरी पोटावर मारत होता, अपरकट जोडत होता, तेव्हा उसिक अडचणीत दिसला. नवव्या फेरीत उसिकचा डावा लागला, फ्युरी दोरांवर भेलकांडत गेला आणि रेफरीला मोजावं लागलं. दोन्ही लढती उसिकनं गुणांवर घेतल्या. त्या नवव्या फेरीत फक्त दोघांचे पाय बघा, हातांकडं बघूच नका.

सरावाला एक सोपी गोष्ट. जमिनीवर खडूनं सरळ रेघ मारायची, दोघांचे पुढचे पाय रेघेच्या दोन बाजूंना. उंच पोराला फक्त जॅब आणि पाय, बुटक्याला फक्त पोटावर मारायची मुभा. तीन मिनिटं. उंच पोराचा पुढचा पाय रेघेच्या चुकीच्या बाजूला गेला की थांबवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. पहिले काही दिवस दर दहा सेकंदांनी थांबवावं लागतं, पोरं वैतागतात. मग हळूहळू पाय आपणहून जागा घ्यायला लागतो.

रिंगसाईड_ताई

खडूपेक्षा रंगीत चिकटपट्टी लावा. आमच्याकडं घामानं पहिल्या दोन फेऱ्यांतच रेघ पुसून जायची आणि पाय घसरायचे.